चहाच्या नावाखाली लावलेला डीव्हीआर

आत्या, सभा झाली. विहाराचा हॉल भरला होता. तुझ्या फोटोला हार होता, पुढे मेणबत्त्या होत्या, आणि पुण्यानुमोदनाला जे बोलतात ते सगळे बोलले. मी पण बोलावं असं बाबांनी सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, पोरगी लाजाळू, त्यात आत्याजवळच वाढलेली, रडू येत असेल. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि त्यातला बराचसा तुझ्यावर होता. तो घेऊन बुद्धमूर्तीसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून लिहिते. पुस्तकी मराठीत लिहिते, कारण तुझ्यासारखं मला बोलता येतं, लिहिता येत नाही. या हिंदी मुलखात शाळेत इंग्लिश, रस्त्यावर हिंदी, मराठी फक्त घरात. आणि घरात सगळ्यात जास्त तुझ्याशी. आई-बाबा आता माझ्याशी अर्धं हिंदीतच बोलतात. तुझ्या जाण्यानं माझी भाषासुद्धा अर्धी झाली. त्याचाही राग आहे.

प्रत्येक जण म्हणाला, 'ताईंनी कधी तक्रार केली नाही.' कौतुकानं म्हणाला. मी मागे किचनच्या भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, की हो, नाही केली, म्हणून तर आज आपण इथे बसलो आहोत. छातीत जळजळतं असं तू आईला सांगितलंस तेही हसत. 'तेलाच्या धुरानं होते, सोड्याचं पानी दे.' आदल्या दिवशी विहारात भजी तळली होतीस म्हणून आम्हालाही ते पटलं. तुला स्कूटीवर बसवून दवाखान्यात न्यायला मी तयार होते, चावी हातात होती. 'उद्या पाहू,' म्हणालीस. तू आयुष्यभर सगळ्या गोष्टी अशाच सहन करण्याजोग्या करून घेतल्यास. हीच तुझी कला होती. मला ती कला आवडत नाही, आत्या. तुझ्या हयातीतही आवडत नव्हती. आपलं शेवटचं मोठं भांडण त्यावरूनच झालं, आणि ते अर्धं राहिलं.

त्या डीव्हीआरवरून.

खुर्सीपारच्या आपल्या विहारात नवे कॅमेरे लागले तेव्हाची गोष्ट. जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवून ठेवणारा तो काळा पत्र्याचा डबा, कमिटीच्या कपाटावर पडून होता. आतली डिस्क बिघडली होती, चित्र पुसट दिसायचं, कंपनीनं ते मॉडेल बनवणंही बंद केलं होतं. कबाडीवाल्याला द्यायचं ठरत होतं. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. मी बिस्किटांची प्लेट घेऊन तुझ्या मागे.

'ते मले द्या,' तू म्हणालीस.

सचिव रामटेकेकाका हसले. 'ताई, हे घेऊन काय करता? पापड वाळवता का याच्यावर?'

'तुमची चाय वेळेवर देतो म्हनलं.'

'या डब्ब्यानं?'

'पाहुने गेटावर आले का आमाले मागं किचनात समजत नाही. तुमी आवाज देता, तवरी चाय उकळून काळी होते. मंग तुमीच म्हनता, कडू झाली. गेटाचा कॅमेरा मागं दिसला तं पाहुना खुर्चीवर बसाच्या आंधी कप हातात.'

चहा म्हटल्यावर आपल्या कमिटीत कुणाचा विरोध राहत नाही. डबा तुला मिळाला. वर रामटेकेकाका म्हणाले, 'पाहा, जुन्या वस्तूचा कसा उपयोग कराचा ते आपल्या ताईकडून शिका.'

कोहक्याला घरी परत येताना तो डबा मांडीवर घेऊन तू माझ्या मागे स्कूटीवर बसली होतीस. त्याच्यावर पदर टाकला होतास, जसं काही लहान मूल आहे आणि त्याला वारा लागेल. सिग्नलला थांबलो तेव्हा तू खरं कारण सांगितलंस.

'विहार बनला तवापासून मी तिथं पुऱ्या करून राहिली. एक भाषन पुरं आयकलं नाही पोरी. बंधू आन् भगिनींनो एवढं आयकतो, आन् मंग तेल तापते.'

'मग हे तिथे का नाही सांगितलंस?'

'सांगतलं असतं तं देल्लं असतं का?'

मी गाडी पुढे काढली. दिलं नसतंच. तुझं बरोबर होतं, आणि मला पहिला राग तिथेच आला. ज्या विहारात समतेवर भाषणं होतात, तिथे ती भाषणं ऐकायची इच्छा चहाच्या किटलीत लपवून न्यावी लागते, आणि तुला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. उलट तुला मजा वाटत होती. आरशात दिसत होतीस, हसत होतीस.

पुढचं काम माझ्यावर आलं, कारण मेनू इंग्लिशमध्ये होता. 'इंग्लिश शाळेत गेली नं, वाच मंग.' कॅमेऱ्याच्या दुकानदारानं मेलेली डिस्क काढून दिली होती, आणि डिस्क नाही म्हणून डबा सुरू केला की टीं टीं टीं करून शेजारपाजार जागा करायचा. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची.

'काय म्हनून राहिला तो?'

'म्हणतोय, मला काही साठवून ठेवता येणार नाही.'

'दिसते तं ना?'

'दिसतं.'

'मंग बस झालं. ध्यानात मी ठेवतो.'

मी मेनूत शोधून त्याचा आवाज बंद केला. घड्याळ मात्र कधीच धड झालं नाही. वीज गेली की तारीख थेट कितीतरी वर्षं मागे. तुला त्याचंही काही नाही. 'बरं आहे, त्याच्या हिशेबानं मी अजून जवान आहे.' मी हसले. तुझ्यावर चिडलेली असतानाही मी हसायचे, ही माझी अडचण होती.

विहारातले जुने कॅमेरे आणि त्यांच्या वायरी तशाच होत्या. एक कॅमेरा गेटावर, एक चपलांच्या जागेवर, एक स्टेजवर. माझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर तू किचनमध्ये पाण्याच्या टाकीवर ठेवलास आणि अॅम्प्लिफायरपासून आवाजाची वायर ओढून घेतलीस. 'स्टेजचं चित्र कशाले?' असं कुणी विचारलं तर सांगायला तुझं उत्तर तयार होतं: भाषण संपत आलं की तेल तापवायला ठेवता येतं. चौथ्या तारेवर तू एक कॅमेरा किचनमध्येच लावलास. वाढायला बाहेर गेलो तरी गॅसवर लक्ष राहील म्हणून.

पहिल्या कार्यक्रमाला मी तिथेच होते, कणकेचे गोळे करत. मागच्या वर्षीचा फ्लेक्स उलटा अंथरून त्याच्या पांढऱ्या बाजूवर पुऱ्या लाटून ठेवायची तुमची पद्धत. तीही काळजीनं; महापुरुषांच्या फोटोंचे फ्लेक्स घडी घालून कपाटात, खाली अंथरायचा तो फक्त पाहुण्यांच्या चेहऱ्यांचा. बायका मॉनिटरकडे तोंड करून बसल्या. भाषण सुरू झालं. इतकी वर्षं भिंतीपलीकडे जे चालायचं ते तुम्ही पहिल्यांदा सलग ऐकत होतात.

थोड्या वेळानं निर्मलाकाकू, तुझी जन्माची मैत्रीण, लाटणं थांबवून म्हणाली, 'हा मानूस मागच्या साली बी हेच बोलला होता का वं?'

'आमाले का मालूम? मागच्या साली आपून भजे तळत होतो,' शेजारची म्हणाली.

'नाही, म्हनजे याच्यासाठी कमलबाईनं एवढी वायर ओढली का?' काकूनं तुझ्याकडे पाहून विचारलं.

तू सगळ्यात जास्त हसलीस. 'आता माईत तं झालं का आपलं काई नुकसान झालं नोतं.'

पण एक भाषण चुकलं असतं तर नुकसान झालं असतं. मोहन नगरहून एक बाई आल्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आपल्या आईबद्दल बोलल्या, ती विदर्भातून इकडे आली तेव्हा पोलाद कारखान्याच्या भट्टीजवळ विटा वाहायची त्याबद्दल. आवाज बारीक होता, मॉनिटरमधून आणखी बारीक यायचा. तू उठून मॉनिटरजवळ गेलीस आणि कान लावून उभी राहिलीस. कढईतलं तेल धुरावलं. निर्मलाकाकूनं गॅस बारीक केला. त्या बाईंचं बोलणं संपलं तेव्हा तू तशीच उभी होतीस, एक हात मॉनिटरवर ठेवून. त्या दिवशी मला वाटलं, मी चुकते आहे, तू बरोबर केलंस. हे मी तुला सांगितलं नाही. आता सांगते. त्या एका दुपारसाठी मी तुझी ऋणी आहे, कारण ऐकणारी तू मला पहिल्यांदा दिसलीस. तोवर मी तुला फक्त करतानाच पाहिलं होतं.

मग एप्रिलमधली जयंती आली.

रामटेकेकाकांना तो डबा एव्हाना फार आवडायला लागला होता. मागच्या रांगांना स्टेज दिसत नाही, तर डब्याची दुसरी वायर हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला लावू, असं त्यांनी ठरवलं. मी वायर लावून दिली. मेनू वाचणारी मी, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि कुणाच्याच आली नाही: त्या डब्याला चित्र वेगवेगळं पाठवता येत नाही. मागे जे दिसतं तेच पुढे. चार चौकटी: गेट, चपला, स्टेज आणि किचन.

प्रमुख पाहुणे स्त्रीशक्तीवर बोलत होते. स्त्री हा समाजाचा कणा आहे, म्हणाले. टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात निर्मलाकाकू उठून उभी राहिली, हातातलं लाटणं माइकसारखं धरलं, आणि दुसऱ्या हातानं आपलीच कंबर दाबत, वाकत, कळवळत, त्या पाहुण्यांची हुबेहूब नक्कल करू लागली. आवाज नव्हता, फक्त चित्र. तू तिच्या पाया पडून आशीर्वाद घेत होतीस. मागच्या रांगा हसल्या. मग मधल्या. पाहुण्यांना वाटलं आपला विनोद जमला, त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि निर्मलाकाकूनं पुन्हा कंबर धरली.

मी हॉलमध्ये होते. आत्या, मला इतका आनंद झाला होता. पहिल्यांदा तुम्ही सगळ्यांना दिसत होतात. पाहुणे आणि पुऱ्या लाटणाऱ्या बायका एकाच काचेवर, शेजारी शेजारी.

रामटेकेकाका उठले आणि टीव्ही बंद करून आले. कार्यक्रमानंतर किचनच्या दारात उभे राहून तुला म्हणाले, 'ताई, किचन दाखवाची चीज आहे का? बाहेरून पाहुने येतात, काय म्हनतीन?'

तू त्यांच्यासमोरच स्टुलावर चढून चौथा कॅमेरा काढलास. वायर नीट गुंडाळलीस. त्यांना चहा दिलास.

घरी आल्यावर मी किती बोलले ते तुला आठवत असेल. म्हणजे, आठवलं असतं. तू गच्चीवर वाळवणाच्या मिरच्या गोळा करत होतीस.

'तू का काढलास कॅमेरा?'

'बायका लाजल्या.'

'त्या हसत होत्या.'

'माईत नोतं तवरी हसत होत्या. नंतर निर्मला रडली. कोनी गाऊनवर होती, कोनाचा पदर खोचलेला होता, आन् पुरा हॉल पाहून राहिला. तू विचारलं होतं का त्यायले? मी विचारलं होतं का? आपन दोघी चुकलो.'

ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. 'मग त्या लपून का बसतात? हॉलमध्ये का नाही बसत?'

'पुऱ्या कोन करन?'

'कॅटरर.'

'आन् आमी?'

'तुम्ही बसायचं. ऐकायचं.'

तू मिरच्या टोपलीत टाकल्यास आणि मला विचारलंस, अगदी साध्या आवाजात, 'नुसतं बसून आमी काय कराचं तिथं?'

मला हे उत्तर आवडलं नाही. अजून आवडत नाही. मी म्हटलं, 'तू त्या डब्याचा नवा उपयोग शोधला नाहीस आत्या. किचनमध्येच राहायचा नवा उपाय शोधलास. आधी निदान तिथे बसणं त्रासाचं तरी होतं. तू त्याला टीव्ही लावून दिलास.'

तू टोपली उचललीस. मग म्हणालीस, 'एवढं चांगलं बोलतं तं विहारात बोल. माइक घे.'

'मला जमत नाही. तुला माहीत आहे.'

'मंग मलेच कावून सांगतं?'

आणि टोपली घेऊन खाली गेलीस. भांडण तिथे थांबलं. आपण पुन्हा त्यावर बोललो नाही. मी मनात मुद्दे तयार करत होते, इतके दिवस. कुठल्या दिवशी काढायचे, तू चांगल्या मूडमध्ये असशील तेव्हा, हे ठरवत होते. मग तू सोड्याचं पाणी मागितलंस.

सभेच्या आधी मी बाबांना एकच गोष्ट मागितली होती. जेवण बाहेरून मागवा. निदान त्या दिवशी. बाबा, तुझा लहान भाऊ, ज्यांना तू अजून शर्टाची बटणं लावून द्यायचीस, ते माझ्याकडे बघतच राहिले. 'ताईच्या कार्यक्रमाले बाहेरचं जेवन? लोक काय म्हनतीन? सगळ्या बायकाच म्हनून राहिल्या, आमीच करू. त्यायची भावना आहे.'

तेही खरं होतं. त्याच म्हणाल्या होत्या. मला भांडायला कुणी खोटं बोलणारा माणूसच मिळत नाही, आत्या.

तर सकाळपासून त्या मागे होत्या. ज्यांनी तुझ्याबरोबर इतकी वर्षं कणीक मळली त्या सगळ्या. आणि पुढे हॉलमध्ये खुर्च्यांवर ते होते ज्यांनी तुझ्या पुऱ्या खाल्ल्या. माइकवरून तुझ्याबद्दल बोलणार होते ते खाणारे. रामटेकेकाका माझ्याजवळ आले, मायेनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'बेटा, मागं तो टीव्ही सुरू करून दे. बायकांले बी दिसू दे. ताईची आठवन आहे ती.'

मी गेले. डबा सुरू केला. लाल अक्षरं आली, ती घालवली. गेट, चपला, स्टेज. चौथी चौकट काळी. बायकांनी मॉनिटरकडे तोंड केलं आणि लाटायला लागल्या. त्रिशरण झालं तेव्हा त्यांनी लाटणी खाली ठेवून हात जोडले, पिठाचे, आणि मॉनिटरला वंदन केलं. मी ते पाहिलं. तू पाहिलं असतंस तर तुला त्यात काहीच वावगं वाटलं नसतं.

मग भाषणं. अन्नदात्री, म्हणाले. मायेची सावली, म्हणाले. निर्मलाकाकू एकही शब्द बोलत नव्हती, नक्कल तर नाहीच. ती मान पुढे करून मॉनिटरमध्ये काहीतरी शोधत होती.

'बेबी,' ती मला म्हणाली, 'कमलबाईचा फोटो कुठी आहे?'

मी बोट दाखवलं. स्टेजच्या चौकटीत, टेबलावर, माझ्या नखाएवढा. हार मोठा होता. चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका दिसत होता.

'चेहरा दिसत नाही वं.'

'हार आला आहे पुढे.'

'मोठं होत नाही का ते?'

'नाही होत, काकू. जुना आहे.'

'असू दे मंग,' ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

असू दे. तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात. मी डब्याची पिन भिंतीतून ओढून काढली.

मॉनिटर काळा झाला. आवाज गेला. भिंतीपलीकडून नुसती घुमघुम येत राहिली, तुम्ही इतकी वर्षं ऐकलीत तशी.

'लाइट गेली का?'

'नाही,' मी म्हटलं. 'मी बंद केला.'

'कावून वं?'

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. गच्चीवर तुझ्याशी भांडताना जे मुद्दे होते, नंतर मनात तयार केलेले जे होते, त्यातला एकही आठवला नाही.

'फोटो हॉलमध्ये आहे,' मी म्हटलं. 'आत जाऊन बघा.'

'आन् पुऱ्या?'

मी गॅसजवळ गेले आणि दोन्ही शेगड्या बंद केल्या. मोठ्या कढईचं तेल तापलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, 'पागल आहे का ही पोरगी? तीन पंगती बसाच्या आहेत.' कुणीतरी म्हणालं, 'कमलबाईले हे चाललं असतं का?' चाललं नसतं. मग निर्मलाकाकू उठली. गुडघ्यावर हात टेकवून, हळूहळू. तिनं पदर सोडला, नीट खांद्यावरून घेतला, हातांचं पीठ झटकलं. चालायला लागली. तिच्यामागे दुसरी. मग बाकीच्या.

रामटेकेकाका माइकवर होते, तुझ्या पुऱ्या कशा टम्म फुगायच्या ते सांगत होते. दारात बायका दिसल्या तसे थांबले. माइक तोंडासमोरच होता.

'जेवन झालं का तयार?'

'नाही,' निर्मलाकाकू म्हणाली.

'मंग?'

'मंग काई नाही. बसाले आलो.'

खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. त्या पुढे गेल्या, स्टेज आणि पहिली रांग यांच्यामध्ये सतरंजीवर बसल्या. पहिल्या रांगेतल्या माणसांनी पाय मागे घेतले. निर्मलाकाकू बसायच्या आधी टेबलाजवळ गेली, तुझा हार दोन बोटांनी बाजूला सारला, तुझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग येऊन बसली. रामटेकेकाकांना पुऱ्यांचं पुढे बोलता येईना. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. 'तुमच्यापैकी कोनी बोलते का?' त्यांनी विचारलं, आणि चांगल्या मनानं विचारलं. कुणी बोललं नाही. मीही नाही. निर्मलाकाकू बसल्या जागेवरून म्हणाली, 'बोलनं नाही येत आमाले. थोडं बसू द्या.'

बसल्या. भाषण नाही, काही नाही. पंख्यांचा आवाज आणि मेणबत्त्या. मला त्यांचे हात दिसत होते. मांडीवर ठेवलेले, पण बोटं हलत होती. मागे कणीक वाळत असणार हे त्यांना माहीत होतं. एकदा एक जण अर्धी उठली, दाराकडे पाहिलं, आणि निर्मलाकाकूनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

जेवण फार उशिरा झालं. पुऱ्या कडक झाल्या, दुसऱ्या पंगतीला कमी पडल्या. बाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. डबा मी घरी आणला आहे. जयंतीला पुन्हा लावून दे असा रामटेकेकाकांचा निरोप आला आहे, आणि निर्मलाकाकूचाही आला आहे, की लावू नको. दोघांनाही मी अजून काही कळवलेलं नाही.

पंगतीत कुणीतरी म्हणालं, 'ताई असत्या तं वेळेवर झालं असतं.' मी वाढत होते, हातात भाजीची बादली होती, आणि मला जागच्या जागी थांबावं लागलं. कारण झालं असतंच. तू असतीस तर एवढ्या बायका हॉलमध्ये शिरल्याच नसत्या, आणि शिरल्या असत्या तर सगळ्यात आधी तू उठली असतीस, 'बसा वं तुमी, मी पाहतो' म्हणत, आणि तुला एकटीला कसं पाठवायचं म्हणून एकेक करून सगळ्या तुझ्या मागे गेल्या असत्या. त्या बसू शकल्या, कारण आधी उठणारी नव्हती. मला जे हवं होतं ते झालं, आणि ते तुझ्या नसण्यानं झालं. हे मी तुला कसं माफ करू, आत्या?